हलत्या भूमीचे साक्षीदार

स्कॉटलंडच्या पर्थशायर परगण्यात, उत्तरेकडील डोंगराळ मुलूख जेथे सुरू होतो तेथे, अर्न नदीच्या काठी कॉम्री नावाचे एक लहानसे गाव आहे. आसपासचे लोक त्याला थट्टेने 'डळमळते गाव' म्हणतात. इ. स. १८३९ च्या ऑक्टोबर महिन्यात या गावाखालची जमीन वारंवार हादरू लागली. २३ तारखेच्या रात्री दहाच्या सुमारास जो धक्का बसला, तो तर स्कॉटलंडच्या पुष्कळ मोठ्या भागात जाणवला. कपाटांतील भांडी खडखडली, भिंती कुरकुरल्या, आणि निजण्याच्या तयारीत असलेली माणसे भयभीत होऊन घराबाहेर धावली. सुदैवाने फारशी हानी झाली नाही. परंतु पुढे कित्येक महिने त्या गावाची जमीन काही पूर्ण शांत झाली नाही.

याच गावात पीटर मॅकफार्लेन हे टपालमास्तर व जेम्स ड्रमंड हे जोडे शिवणारे कारागीर राहत असत. दोघांपैकी एकही व्यवसायाने शास्त्रज्ञ नव्हता. तथापि, धक्क्यांच्या नुसत्या गप्पा न मारता त्यांनी त्यांची टिपणे ठेवण्यास आरंभ केला. धक्का कोणत्या दिवशी बसला, किती वाजता बसला, किती जोराचा होता, हे ते लिहून ठेवीत. आता जोर मोजावा कसा? मोजण्याचे साधन तर हाताशी नव्हते. मॅकफार्लेन यांनी त्यावर एक युक्ती योजिली. २३ ऑक्टोबरच्या धक्क्याला त्यांनी दहा हा अंक दिला आणि बाकीचे सारे धक्के त्याच्या मानाने एकापासून दहापर्यंतच्या पायऱ्यांवर बसविले. घरात वजने नसली म्हणजे एखाद्या दगडालाच शेर मानून व्यवहार चालवावा, तसाच हा प्रकार होता. पण भूकंपाचा जोर अंकांनी सांगण्याचे जे अगदी आरंभीचे प्रयत्न जगात झाले, त्यांत या टपालमास्तरांच्या वहीची गणना होते.

या टिपणांची वार्ता विद्वानांच्या कानी गेली. १८४० साली ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसभेने स्कॉटलंड व आयर्लंड येथील धक्क्यांची नोंद करण्यासाठी एक समिती नेमली. एडिंबरोचे प्राध्यापक जेम्स फोर्ब्ज यांनी कॉम्रीसाठी एक यंत्र तयार केले. त्यात एक लंबक उलटा, म्हणजे वजन वर ठेवून, उभा केलेला असे. जमीन हलली की तो झुकावा आणि त्याच्या टोकाच्या पेन्सिलीने वरच्या कागदावर रेघ उमटावी, अशी ती योजना होती. गावच्या चर्चच्या मनोऱ्यात हे यंत्र बसविण्यात आले. पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. वर्षभरात गावकऱ्यांना सुमारे साठ धक्के जाणवले. यंत्राने त्यांतले केवळ तीन नोंदविले! लोखंडाच्या त्या विद्वान लंबकापेक्षा खाटेवर पडलेल्या वृद्धाची पाठ आणि फळीवरचा चहाचा पेला हेच अधिक जागरूक निघाले. चांगली यंत्रे निर्माण होईपर्यंत भूकंपाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला माणसांच्या साक्षीवाचून गत्यंतर नव्हते.

परंतु भ्यालेल्या माणसाची साक्ष घ्यावयाची म्हणजे मोठी कसोटी असते. त्याचा अनुभव लंडन शहराने १७५० साली घेतला होता. त्या वर्षी ८ फेब्रुवारीस भर दुपारी लंडनला एक हलकासा धक्का बसला. बरोबर चार आठवड्यांनी, ८ मार्चच्या पहाटे, दुसरा धक्का आला व तो पहिल्याहून जोराचा होता. धुराडी कोसळली, चर्चमधल्या घंटा आपोआप वाजल्या, लोक रस्त्यावर आले. येथपर्यंत सारे खरे होते. मग राजाच्या रक्षकदलातील एका शिपायाने भविष्य वर्तविले, की आणखी चार आठवड्यांनी तिसरा धक्का येईल आणि लंडन व वेस्टमिन्स्टर ही दोन्ही नगरे नाश पावतील. दोन धक्क्यांमध्ये चार आठवडे गेले, म्हणून तिसराही तेवढ्याच अंतराने येणार, एवढाच त्याचा हिशेब! दोन ठिपके जोडले की रेघ होते, पण दोन घटना जोडल्या म्हणून नियम होत नाही, हे त्या वेळी कोणी कोणाला सांगावे? लंडनच्या बिशपांनी तर या धक्क्यांना ईश्वरी इशारा ठरविणारे पत्र प्रसिद्ध केले, आणि त्याच्या प्रती हजारोंनी खपल्या.

ठरलेला दिवस जवळ आला तसे लोक शहर सोडू लागले. होरेस वॉलपोल नावाच्या रसिक सरदारपुत्राने आपल्या पत्रांत त्याचे मिस्कील वर्णन केले आहे. तीन दिवसांत ७३० घोडागाड्या हाइड पार्कच्या नाक्यावरून बाहेर पडल्या, असे तो लिहितो. रात्रभर उघड्यावर बसताना थंडी वाजू नये म्हणून काही स्त्रियांनी खास ऊबदार झगे शिवून घेतले, व त्यांना 'भूकंपाचे झगे' असे नाव पडले. ज्यांच्याजवळ गाडी नव्हती ते मोकळ्या मैदानांत जाऊन बसले. ती रात्र गेली, सकाळ झाली. लंडन जागच्या जागी होते. त्या शिपायाची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. खरे पाहता, त्याच्यावर विश्वास ठेवून गाड्या जोडणाऱ्या प्रतिष्ठितांना कोणी काहीच म्हटले नाही, याची मला गंमत वाटते.

याच गोंधळात लंडनच्या रॉयल सोसायटीने एक निराळे काम केले. धक्क्यांविषयीची पत्रे ठिकठिकाणांहून तिच्याकडे येत होती. तिने ती एकत्र करून छापली. धक्का कोठे जाणवला, तो कसा वाटला, आवाज कसा झाला, हे त्या पत्रांतून आजही वाचावयास मिळते. शिपायाचे भविष्य वाऱ्यावर गेले. पत्रे मात्र अभ्यासकांच्या उपयोगी पडत राहिली.

ब्रिटन हा काही जपानसारखा भूकंपांचा देश नव्हे. पृथ्वीचे कवच ज्या प्रचंड भूपट्टांचे बनले आहे त्यांच्या सीमा ब्रिटनपासून दूर आहेत. परंतु अटलांटिक महासागराच्या मध्यभागी नवा खडक तयार होत असतो, त्याचा रेटा लांबवर पोहोचतो. दक्षिणेकडून आफ्रिकेचाही दाब असतो. त्यातच, हजारो वर्षांपूर्वी स्कॉटलंडवर साचलेला बर्फाचा भार वितळून गेल्यामुळे तेथील भूमी अजून हळूहळू वर उचलली जात आहे. या ताणांमुळे जुन्या भेगा अधूनमधून सरकतात. ब्रिटनमध्ये दरवर्षी दोनशे ते तीनशे भूकंप यंत्रांना सापडतात. त्यांपैकी माणसांना जाणवतात ते जेमतेम वीस-तीस.

पण 'लहान भूकंप' हा शब्द जपून वापरावा. २२ एप्रिल १८८४ रोजी सकाळी नऊच्या सुमारास एसेक्समधील कोल्चेस्टर व त्याच्या आसपासची खेडी काही सेकंद हादरली. भूकंपाची महत्ता आजच्या मोजणीने पाचापेक्षाही कमी भरते. तरी बाराशेच्या आसपास इमारतींची हानी झाली. ज्या मजुराच्या घराचे धुराडे छप्पर फोडून चुलीवर आले, त्याला ही महत्ता लहान आहे असे सांगून काय उपयोग? लंडनच्या महापौरांनी मदतनिधी उघडला. राफाएल मेल्डोला व विल्यम व्हाइट हे दोन अभ्यासक गावोगाव हिंडले. कोणत्या घराची काय मोडतोड झाली याची तपशीलवार नोंद करून त्यांनी पुढच्याच वर्षी अहवाल प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतील खळबळजनक मजकुराशेजारी हा अहवाल ठेवून पाहिला म्हणजे बातमी आणि नोंद यांतला फरक ध्यानात येतो.

साक्षी गोळा करण्याची ही कला ज्यांनी शास्त्राच्या पदवीला नेली ते चार्ल्स डेव्हिसन हे बर्मिंगहॅमच्या एका शाळेत गणित शिकवीत असत. १८८९ पासून त्यांनी हा उद्योग आरंभिला. कोठे धक्का बसल्याचे कळले, की ते वर्तमानपत्रांतून वाचकांना विनंती करीत व प्रश्नावली पाठवीत. तुम्ही त्या वेळी कोठे होता? बसला होता की उभे? खिडक्या खडखडल्या काय? टांगलेल्या वस्तू हलल्या काय? आवाज धक्क्याच्या आधी ऐकू आला की नंतर? अशा साध्या प्रश्नांना पाद्री, शिक्षक, शेतकरी, स्टेशनमास्तर सारेच उत्तरे देऊ शकत. १७ डिसेंबर १८९६ च्या पहाटे हेरफर्डजवळ भूकंप झाला, तेव्हा त्यांच्याकडे दोन हजारांहून अधिक उत्तरे आली. शाळा सुटल्यावर हा मास्तर ती वाचीत बसे, आणि जेथे धक्का सारखाच जोराचा वाटला ती गावे नकाशावर रेषेने जोडीत असे. अशा एकात एक बसणाऱ्या वेढ्यांच्या मधोमध भूकंपाचे मूळ शोधावयाचे.

भूकंपाच्या आवाजाविषयी लोक जे लिहीत, त्याकडे डेव्हिसन यांचे विशेष लक्ष असे. कोणाला तो दगडी रस्त्यावरून जाणाऱ्या भरलेल्या गाडीसारखा वाटे, कोणाला मेघगर्जनेसारखा. कोणी त्याला वाऱ्याची उपमा देई, कोणी दगडांची रास ओतल्याची, तर कोणी स्फोटाची. दुसरा एखादा या उपमा हसण्यावारी नेता. डेव्हिसन यांनी त्यांचे वर्ग पाडले व कोणती उपमा किती वेळा आली हे मोजले. १९२४ साली त्यांनी ब्रिटिश भूकंपांचा इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात अशा असंख्य अनाम पत्रलेखकांची साक्ष सामावलेली आहे.

पुढे यंत्रे सुधारली. ७ जून १९३१ च्या मध्यरात्रीनंतर उत्तर समुद्रातील डॉगर बँक येथे ६.१ महत्तेचा भूकंप झाला. ब्रिटनच्या परिसरात यंत्रांनी नोंदविलेला हाच सर्वांत मोठा भूकंप होय. तो समुद्रात झाल्यामुळे हानी बेताची झाली. लंडनच्या मेणपुतळ्यांच्या प्रसिद्ध संग्रहालयात एका कुप्रसिद्ध खुन्याच्या पुतळ्याचे डोके गळून पडले, ही गोष्ट तेव्हापासून प्रत्येक पिढी आवडीने सांगत आली आहे. भूकंपाची महत्ता विसरली जाते, डोके मात्र लक्षात राहते. लोकांच्या स्मरणाची रीत अशीच असते.

२७ फेब्रुवारी २००८ रोजी मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास लिंकनशायरमधील मार्केट रेझनजवळ ५.२ महत्तेचा धक्का बसला. इंग्लंडभर लोक दचकून जागे झाले. चोर शिरला असावा, मालमोटार भिंतीवर आदळली असावी, असे कित्येकांना वाटले. पोलिसांचे दूरध्वनी खणखणू लागले. सकाळी भीती ओसरली आणि विनोदाला भरती आली. कलंडलेली एखादी खुर्ची किंवा कचऱ्याचा डबा दाखवून 'केवढा हा विध्वंस!' असे म्हणण्याची तऱ्हा अशा प्रसंगी हल्ली सर्वत्र दिसते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गमावलेल्या आपल्या प्रदेशातील वाचकाला हे हसू थोडे खटकेल. त्या रात्री बार्न्सलीजवळच्या एका गावात धुराड्याचे दगड छपरातून एका तरुणाच्या अंगावर पडले व त्याच्या कमरेचे हाड मोडले. त्यालाही हसू आले नसावे. परंतु ज्यांचे काही बिघडले नाही त्यांच्या हसण्यात सुटकेचा निःश्वासही मिसळलेला असतो, हेही विसरू नये.

कधी कधी अत्यंत क्षीण धक्क्यालाही मोठे महत्त्व येते. लँकेशायरमधील ब्लॅकपूलजवळ खडकात दाबाने पाणी सोडून वायू काढण्याचे काम चालू असता २०११ च्या एप्रिल व मे महिन्यांत दोन धक्के बसले. मोठा होता तो २.३ महत्तेचा. एरवी त्याची कोणी दखलही घेतली नसती. पण माणसाच्या उद्योगामुळे जमीन हलली काय, हा प्रश्न उभा राहिला आणि काम थांबविण्यात आले. २६ ऑगस्ट २०१९ रोजी त्याच भागात २.९ महत्तेचा धक्का आला, तेव्हा रहिवाशांनी पाठविलेल्या तक्रारींना व वर्णनांना वजन प्राप्त झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये या कामांना स्थगिती मिळाली. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि तेथील जलाशय यांच्या संबंधाचा विचार ऐकलेल्या महाराष्ट्रीय वाचकाला हा वाद अपरिचित वाटणार नाही.

आज एडिंबरोच्या ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेकडे देशभरच्या यंत्रांच्या नोंदी क्षणार्धात येतात. भूकंपाचे स्थान व महत्ता सांगावयास तिला आता टपालमास्तरांची गरज नाही. तरी धक्का बसला की ती लोकांपुढे प्रश्नावली ठेवते. कारण जमिनीत किती शक्ती मोकळी झाली हे यंत्र सांगते. पण कोणत्या गल्लीत कपाट हलले, कोठे माणसे घाबरली, कोठे भिंतीला तडा गेला, हे तेथे असलेला माणूसच सांगू शकतो. 'मला काहीच जाणवले नाही' हे उत्तरही ती संस्था मागते. धक्का कोठवर पोहोचला याची सीमा आखावयाची, तर जेथे तो जाणवला नाही ती गावेही नकाशावर हवीत. आणि ज्याला काही जाणवले नाही, असा मनुष्य पत्र लिहिण्याची तसदी सहसा घेत नाही.

कॉम्रीच्या बाहेर एका खडकावर पुढे एक चिमुकले दगडी घर बांधण्यात आले. त्यात फळ्यांवर लहानमोठ्या जाडीच्या लाकडी दांड्या उभ्या ठेवीत व भोवती वाळू पसरीत. धक्का आला की कोणती दांडी कोणत्या दिशेला पडली, यावरून त्याचा जोर व रोख ओळखावयाचा. घर तयार झाले तोवर, दुर्दैवाने म्हणा की सुदैवाने म्हणा, गावचे धक्के पुष्कळ विरळ झाले होते. १९८८ साली त्या घराची डागडुजी करण्यात आली. आता तेथे जुन्या दांड्यांच्या जोडीला एक नवे यंत्रही बसविलेले आहे.