टर्बो म्हणजे हलकं इंजिन?

प्रश्न : फोर्ड एफ-१५० घ्यायची आहे. ३.५ लिटरचं टर्बो व्ही-६ इंजिन ५ लिटरच्या व्ही-८पेक्षा बरंच हलकं, म्हणजे गाडी ओझंही जास्त नेईल ना? – एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : तसं नाही. दोन सिलिंडर कमी झाले, तरी दोन टर्बो, इंटरकूलर आणि त्यांच्या नळ्या वाढतात. शिवाय दोन्ही इंजिनांचे ब्लॉक अॅल्युमिनियमचेच. वजनात फारसा फरक उरत नाही. निवड कामावरून करा. जड ट्रेलर ओढायचा असेल, तर कमी आरपीएमलाच जोर देणारं टर्बो मला उजवं वाटतं. साधी रचना हवी असेल, तर व्ही-८ निर्धास्त घ्या. मात्र चालकाच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचल्याशिवाय सौदा करू नका. त्या विशिष्ट गाडीची भारक्षमता तिथेच छापलेली असते. माणसं, सामान आणि ट्रेलरचा हुकवर येणारा भार, सगळं त्यातच बसवायचं.