अर्ज स्वस्त, क्रम महाग

इंजिनीअरिंगला अर्ज करू की नको, असं विचारतेस ना? कर. सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे काही साखरपुडा होत नाही. डोकं तापवायचं ते पुढे, केंद्रीय प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, ऑप्शन फॉर्मवर. तिथे कॉलेजं आणि शाखा पसंतीच्या क्रमाने लावायच्या असतात, आणि पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला की जागा तीच; पुढच्या फेऱ्या तुझ्यासाठी संपल्या. म्हणून एक नंबरला तेच टाक, जिथे तू खरोखर जाशील. बिल्डिंगमधल्या पोरांचे फॉर्म भरायला मी बसते तेव्हा बघते ना, शेजारच्याने कॉम्प्युटर टाकलं म्हणून आपणही तेच वर टाकणारे किती असतात!

तुला गणित आवडतं, की गणितात मार्क पडतात, हे एकदा स्वतःशी खरं बोल. सीईटीत २०० पैकी १०० मार्क गणिताचे, चुकीला मार्क कापत नाहीत, वेळ तुटपुंजा. तिथे हाताचा वेग कळतो. पुढची चार वर्षं लागते ती एकाच गणितापुढे, क्लासची वही न उघडता, तासभर बसायची तयारी. रविवारी बसून बघ. आणि शाखा ठरवताना कॉलेजच्या साइटवर तिसऱ्या वर्षाच्या विषयांची यादी वाच. पहिलं वर्ष बहुतेक शाखांना सारखंच, त्यावरून काही उमगत नाही.

यंत्र बनवण्यापेक्षा ते तसं का चालतं हेच तुला खात असेल, तर इंजिनीअरिंगच्या रांगेत उगाच उभी राहू नकोस. कलिन्याला विद्यापीठाच्या आवारात मूलभूत विज्ञानाचं केंद्र आहे, अणुऊर्जा विभाग आणि मुंबई विद्यापीठाने मिळून २००७ साली काढलेलं. पाच वर्षांचं एमएस्सी, प्रवेश ‘नेस्ट’ परीक्षेवरून. पुण्याला अशीच विज्ञानाची संस्था, आयसर, २००६ पासून आहे. या सगळ्यांचे फॉर्म वेगळे, तारखाही वेगळ्या, त्या आपणच लक्षात ठेवायच्या. क्लासवाले ही नावं सहसा काढत नाहीत. त्यांच्या फ्लेक्सवर आयआयटीवाल्यांचे फोटो लागतात.

निकाल आला की एक घोळ घालू नकोस. ९८ पर्सेंटाइल म्हणजे ९८ टक्के मार्क नव्हेत. लाखांनी मुलं बसतात, तेव्हा ९८ वरही तुझ्या पुढे हजारो असतात. गेल्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर मिळतात. आपल्या प्रवर्गाचा रकाना बघ, मैत्रिणीच्या नव्हे.

आता गाडीचं. हे कुणी सांगत नाही, पण दहिसरच्या पोरीला हे आधी बघावं लागतं. पवईला आयआयटीत हॉस्टेल आहे, तिथे प्रश्न मिटला. व्हीजेटीआय आणि आयसीटी दोन्ही माटुंग्याला. व्हीजेटीआय १८८७ची, आयसीटी १९३३ची, डॉ. माशेलकर शिकले ते तिथेच, तेव्हा तिला यूडीसीटी म्हणत. नावं मोठी आहेत, आणि मिळालं तर गर्दी सोसून जावं अशीच आहेत. पण विरारहून भरून आलेल्या गाडीत सकाळी दहिसरला चढायचं, स्लो असेल तर माटुंगा रोडला उतरून झेड ब्रिजवरून पूर्वेला जायचं, आणि संध्याकाळी प्रॅक्टिकल संपवून तसंच परत. एकदा सोमवारी सकाळी नुसती जाऊन ये, मग क्रम लाव. अंधेरीचं सरदार पटेल त्या मानाने सोपं. दहिसर पूर्वेला मेट्रोत बसलीस की अंधेरी पश्चिमपर्यंत एकच गाडी. दोन कॉलेजं उन्नीसबीस असतील तर जवळचं वर टाक. रोज वाचलेला वेळ अभ्यासाला पडतो, झोपेला तरी पडतोच.

पैशांची काळजी बाबांवर टाकून मोकळी होऊ नकोस, नियम तूच वाच. २०२४-२५ पासून, वर्षाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलास की ही सवलत गेली. ‘जागा धरून ठेवतो, आत्ताच भरा’ असं कुणी फोनवर म्हणालं, तर फोन ठेव.

बारावीकडेही पाठ फिरवू नकोस. सीईटी कितीही चांगली गेली तरी ठरलेल्या विषयांत ४५ टक्के लागतात, आपल्या राखीव प्रवर्गाला ४०; आयआयटीला ७५ किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव.

आणि कागद. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, जात पडताळणी, चारही एका फोल्डरमध्ये लाव, प्रत्येकावरचं नावाचं स्पेलिंग मार्कशीटशी ताडून बघ. नॉन-क्रीमी लेअरची मुदत संपली असेल तर बोरिवली तहसीलकडे आत्ताच अर्ज टाक. जूनमध्ये सगळ्यांना एकदमच आठवतं.