टेम्पो उभा असताना बिल निघालंच पाहिजे

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड व्यापाऱ्यांसाठी मी बिलांच्या पीडीएफ काढून देणारी यंत्रणा चालवतो. दुपारपर्यंत तिला फारसं काम नसतं. संध्याकाळी गाठी ट्रान्सपोर्टला निघाल्या की सगळ्यांना एकदमच बिल हवं असतं. एवढ्यासाठी चोवीस तास सर्व्हर पोसणं परवडत नाही. म्हणून पडद्याविना चालणारा हेडलेस क्रोम मी एडब्ल्यूएस लॅम्डावर ठेवला आहे. लॅम्डाचं भाडं काम चालेल तेवढ्या वेळाचंच. हे काम करताना पक्क्या झालेल्या काही गोष्टी:

१. आधी जागा मोजा. झिपमधून चढवलेला कोड उलगडल्यावर २५० एमबीत बसावा लागतो. नेहमीचा क्रोम तिथे मावत नाही. लॅम्डासाठी बारीक केलेलं क्रोमियम घ्या किंवा कंटेनर इमेज वापरा. तिला १० जीबीपर्यंत मुभा आहे.

२. मेमरीत हात आखडू नका. मेमरीच्या प्रमाणातच प्रोसेसर मिळतो. १,७६९ एमबीला एक पूर्ण व्हीसीपीयू. भाडं मेमरी आणि वेळ या दोन्हींवर लागतं. कमी मेमरीत क्रोम रेंगाळतो आणि वाचवलेले पैसे वेळेत जातात.

३. फॉन्ट सोबत न्या. लॅम्डावर गुजराती किंवा देवनागरी फॉन्ट नसतात. पार्टीचं नाव गुजरातीत असेल तर बिलावर नुसते चौकोन उमटतात. नोटो सॅन्सचे दोन्ही लिपींचे फॉन्ट पॅकेजमध्येच घाला.

४. तारखेवर डोळा ठेवा. लॅम्डाचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १ एप्रिलच्या रात्री साडेबाराला काढलेल्या बिलावर ३१ मार्च पडला, तर बिल थेट मागच्या आर्थिक वर्षात जातं. तारीख ब्राउझरला विचारूच नका. व्यापाऱ्याच्या नोंदीतली छापा.

५. गर्दी रांगेत लावा. लॅम्डापर्यंत मागणी पोचवणारा एपीआय गेटवे साधारणपणे २९ सेकंदच थांबतो आणि थंड पडलेला क्रोम उठायला वेळ घेतो. मागणी रांगेत टाका, पीडीएफ तयार झाली की लिंक पाठवा.

६. काम फिसकटलं तरी ब्राउझर बंद झालाच पाहिजे. तेच फंक्शन पुढच्या बिलालाही वापरलं जातं. मागे राहिलेल्या प्रोसेस आणि तात्पुरत्या फायली त्याची जागा खातात.

७. "यशस्वी" या संदेशावर विसंबू नका. कोरं पानसुद्धा यशस्वीपणे छापलं जातं. एकूण रकमेची ओळ पानावर आली का, ते तपासूनच पीडीएफ काढा. विकलेला माल सहसा बिलाशिवाय रस्त्यावर काढता येत नाही. चुकीचं बिल घेऊन गाडी निघाली, तर रस्त्यातल्या तपासणीत उत्तर व्यापाऱ्याला द्यावं लागतं, सर्व्हरला नाही.