मिक्सर आधी मागून बघ

ऐक गं, आधी ते सगळे व्हिडिओ बंद कर. रात्री दोनपर्यंत मिक्सरचे व्हिडिओ बघून शहाणपण वाढत नाही, डोळे तेवढे लाल होतात आणि सकाळी आईची बोलणी बसतात. तू पाठवलेली यादी बघितली मी. दोन चॅनेलचा, चार चॅनेलचा, इफेक्टवाला, साउंडकार्डवाला, आणि एक तर चक्क दोन लाखांच्या पुढचा! खाली लिहिलंयस, ‘ताई, एकच घ्यायचाय. हळदी-संगीतातपण चालला पाहिजे आणि घरी रेकॉर्डिंगलापण.’ गोंधळ उडणारच की. पण खरं सांगू का, तुला वाटतंय तेवढं हे अवघड नाही. बारावीच्या सुट्टीत रेकॉर्डबॉक्स हे डीजेचं सॉफ्टवेअर एकटीने शिकलेली पोरगी तू, तुला हे जमणार नाही होय?

पहिल्यांदा हे ठरव, की रेकॉर्डिंग म्हणजे तुला नेमकं काय करायचंय. तासभराचा सेट वाजवायचा आणि तो जसाच्या तसा साठवायचा, हे एक काम. स्वतःचा आवाज, शेजारच्या काकांची हलगी, मागे बीट, असं नवं गाणं बनवायचं, हे दुसरं. क्रेटेक्स आणि श्रेयसचं ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये आलं, स्पिनिन रेकॉर्ड्ससारख्या परदेशी कंपनीने ते काढलं, आणि तेव्हापासून मराठी हाउसचं वारं लागलेली तू एकटी नाहीस. चांगलं आहे. पण हे दुसरं काम डीजे मिक्सरचं नव्हे, हे आत्ताच मनाशी पक्कं कर.

का ते सांगते. डीजे मिक्सरवर माइकची जागा असते ती ‘नवरा-नवरीचं जोरदार स्वागत’ म्हणण्यापुरती. गाणं रेकॉर्ड करायला बहुधा कंडेन्सर माइक वापरतात, त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, आणि तो बहुतेक डीजे मिक्सरमध्ये नसतोच. शिवाय आवाज आणि संगीत एकत्र कालवून बाहेर पडलं, की नंतर नुसता आवाज वर-खाली करता येत नाही. त्यासाठी वेगळा छोटा ऑडिओ इंटरफेस घ्यावा लागतो, फोकसराइट स्कार्लेटसारखा, एक-दोन माइकचा. तो मिक्सरपेक्षा कितीतरी स्वस्त असतो. म्हणजे ‘दोन्ही कामं एकाच डब्यात’ या हट्टापायी तू जे पन्नास-साठ हजार जास्त घालणार होतीस ना, ते वाचले बघ.

आणि हो, दुकानात ‘मिक्सर’ म्हटलं की ऑर्केस्ट्राला लागतो तसला बारा चॅनेलचा लाइव्ह मिक्सर पुढे सरकवतील. त्यात फँटम पॉवर असतो, माइक ढीगभर लागतात, पण एका गाण्यावरून दुसऱ्यावर सरकायचा क्रॉसफेडर नसतो आणि हेडफोनमध्ये पुढचं गाणं ऐकत ऐकत जुळवायची डीजेला हवी तशी सोय नसते. १९७१ च्या सुमारास अमेरिकेत रूडी बोझॅकने क्लबसाठी म्हणून मिक्सर बनवला, तेव्हापासून डीजे मिक्सरचा जीव त्या क्यू बटणातच आहे. लोकांना एक ऐकवायचं आणि आपण कानात दुसरं ऐकायचं. बाकी इफेक्टचे रंगीत दिवे नंतर.

आता माझं म्हणणं ऐक. आई साडी घेताना पदर उलटा करून विणीची मागची बाजू बघते ना, तसा मिक्सर आधी मागून बघ. पुढच्या बाजूवर सगळे भाळतात. काम मागच्या भोकांवर चालतं.

मागे पहिल्यांदा शोध मास्टरचा एक्सएलआर. तीन पिनांचा, गोल. कार्यालयात तुझं टेबल स्टेजच्या एका टोकाला आणि साउंडवाल्याचा रॅक दुसऱ्या टोकाला, मधे पंधरा-वीस मीटर वायर, तिच्या शेजारून लाइटिंगच्या आणि जनरेटरच्या वायरी गेलेल्या. साध्या आरसीए पिनेची वायर एवढी लांब ओढलीस, तर स्पीकरमधून घूंऽऽ सुरू होतं. एक्सएलआरची वायर बॅलन्स्ड असते, मधे शिरलेला तो आवाज पलीकडच्या टोकाला छाटला जातो. पहिल्या संगीताला मी आरसीए घेऊन गेले होते. पहिल्या गाण्याआधीच भुंगा सुरू झाला, आणि नवरीच्या आजीने विचारलं, ‘पोरी, फ्रीज आणलाय का स्टेजवर?’

दुसरं, बूथ आउट. तुझ्यापुढच्या छोट्या स्पीकरला वेगळा आवाज, वेगळी चावी. हॉलमधल्या मोठ्या स्पीकरचा आवाज तुझ्यापर्यंत जरा उशिरा येतो, त्यावर बीट जुळवायला गेलीस तर फसशील.

तिसरं, रेक आउट, आणि तुझ्या कामाचं हेच सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक मिक्सरमध्ये रेक आउटवर मास्टरच्या चावीचा परिणाम होत नाही. समजा, संगीत रंगात आलंय आणि मुलाचे मामा येऊन ‘आवाज कमी करा’ म्हणाले. तू मास्टर खाली घेतलास, तरी रेकॉर्डिंग आहे त्याच पातळीवर चालू राहतं. रेक आउटला हातात मावणारा छोटा रेकॉर्डर जोडून ठेव. लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमध्येही रेकॉर्ड बटण असतं, पण फुकट आवृत्तीत ते चालतं का ते बघून घे, आणि स्ट्रीमिंगवरचं गाणं वाजत असलं की बरीच सॉफ्टवेअरं रेकॉर्डिंग करूच देत नाहीत. रेकॉर्डरला असली भानगड नाही.

चौथं, यूएसबी साउंडकार्ड. ते मिक्सरमध्येच असेल तर घरी एका वायरीवर सेट लॅपटॉपमध्ये उतरतो, आणि काही मिक्सर तर प्रत्येक चॅनेल वेगवेगळा पाठवतात, म्हणजे नंतर दुरुस्ती करता येते. मात्र जुना मिक्सर घेत असशील तर त्याचा ड्रायव्हर तुझ्या लॅपटॉपच्या सिस्टिमवर चालतो का, हे कंपनीच्या साइटवर आधी बघ. नाही तर साउंडकार्ड असूनही नसल्यासारखं. फोनोचं भोक तबकड्या वाजवणार असशील तरच लागतं.

चॅनेल दोन की चार? दोन. हा विषय संपला. सराव झाला की चार घे, तोवर उरलेले दोन धूळच खातात.

धुळीवरून आठवलं. आपल्या सोलापूरची हवा, त्यात तुमचं घर अशोक चौकाकडे, शेजारी यंत्रमाग. सुताचा तो बारीक कापूस फेडरच्या फटीत जाऊन बसतो, आणि मग गाणं बदलताना खरखर येते. वापर संपला की लगेच झाकण घाल. झाकण नसेल तर धुतलेला पंचा चालेल, टर्किश टॉवेल नको, त्याचेच धागे सुटतात. खरखर आलीच तर इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे काँटॅक्ट क्लीनर मिळतो, तो मार. मी काय केलं होतं माहितीये? शिलाई मशीनचं तेल सोडलं! दोन दिवस फेडर लोण्यासारखा सरकला, तिसऱ्या दिवशी घरातली सगळी धूळ तिथेच येऊन चिकटली. महागड्या मिक्सरमध्ये चुंबकावर चालणारे फेडर असतात, त्यात घासणारा भाग नसल्यामुळे ते टिकतात. पण त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नकोस. बदलता येणारा क्रॉसफेडर आहे का, एवढं विचार.

घरच्या रेकॉर्डिंगचं म्हणशील तर मागाच्या खटखटीची तुला फार काळजी लागलीये, असं दिसतंय. अगं, सेट रेकॉर्ड करताना माइक नसतोच. आवाज वायरीतून जातो, शेजारी दहा माग चालू दे. काळजी करायची ती स्वतःचा आवाज नि हलगी घेताना. मागांना सुट्टी असेल तो दिवस धर. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून गायचं म्हणजे काय, ते मला सांगू नकोस, पारा चव्वेचाळीसला जातो तेव्हा मीही गायलेय. पहाटे उठ. भिंतीवर सोलापुरी चादर दुहेरी करून टांग, खोलीतला घुमारा बऱ्यापैकी कमी होतो. पण रस्त्यावरचा आवाज किंवा बेसचा दणका चादरीने अडत नाही, तेव्हा दुकानातल्या सगळ्या चादरी घरी आणू नकोस. हलगीला साधा डायनॅमिक माइक पुरतो, शूरचा एसएम ५७ किंवा ५८, थोडा लांब आणि तिरका ठेव. हलगी कडक लागते, अगदी तोंडाशी धरलास तर आवाज फाटेल.

फाटण्यावरून एक कानमंत्र. लाल दिवा लागू द्यायचा नाही. चॅनेलचा गेन हिरव्यात ठेव, कधीमधी नारिंगी चालेल. रेकॉर्डिंगमध्ये सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू दे, २४ बिटवर घे. कमी पातळीवर घेतलेलं नंतर वाढवता येतं गं, फाटलेलं कुणालाच शिवता येत नाही. व्हिडिओला लावणार असशील तर ४८ किलोहर्ट्झ ठेव.

आणि घरातलं अर्थिंग तपासून घे. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकर गुणगुणतो आणि काढला की गप्प होतो, असं होत असेल तर मिक्सरला शिव्या देऊ नकोस, वायरमनला बोलव. मिक्सर, लॅपटॉप आणि स्पीकरची वीज एकाच बोर्डावरून घ्यायची.

आता बाबांची काळजी. ती रास्त आहे, उडवून लावू नकोस. त्यांच्या डोळ्यांपुढे डीजे म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. २०१८ च्या गणेशोत्सवात मिरवणुकीतल्या डीजेवरची बंदी उठवायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला होता, आणि आपल्या सोलापुरातही या दणदणाटाविरुद्ध लोक आता उघड बोलतात. मला विचारशील तर बरोबर बोलतात. बाबांना सांग, तुझं काम कार्यालयातलं आहे, ट्रॅक्टरवरचं नाही. पण नियम तुला पाठ पाहिजेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. बंद हॉलला रात्री सूट आहे, लॉनला नाही. विजापूर रोडला काय नि होटगी रोडला काय, लॉनवरचं संगीत असेल तर पत्रिकेवर सातची वेळ छापलेली असली तरी लोक नऊला जमतात, हे गृहीत धरून तासाभराचाच सेट बांध. दहाला चावी खाली. अर्धे पैसे आगाऊ घे, परत यायच्या गाडीची सोय बुकिंगच्या वेळीच ठरव, आणि कानात इअरप्लग घाल. लाज कसली त्यात?

मग घ्यायचं काय? हे बघ, तुझ्याकडे आज कंट्रोलर पण नाही आणि प्लेअर पण नाहीत. नुसता मिक्सर घेतलास तर त्याला जोडणार काय, मोबाइल? म्हणून पहिल्यांदा तीसेक हजारांतला दोन चॅनेलचा कंट्रोलर घे, पायोनियर डीजेच्या डीडीजे-एफएलएक्स४ सारखा. मिक्सर त्यातच असतो आणि तो लॅपटॉपच्या विजेवर चालतो. लाइट गेली तरी तुझा सराव थांबत नाही. त्याला मागे एक्सएलआर नाही, नुसतं आरसीए आहे, म्हणून सोबत आरसीएचा आवाज एक्सएलआरवर नेणारा एक डीआय बॉक्स घे. तो टेबलाशीच ठेवायचा, पुढे एक्सएलआरची लांब वायर. त्या आजींचा प्रश्न मग कुणी विचारणार नाही. सोबत छोटा इंटरफेस आणि एक डायनॅमिक माइक. लग्नाचे दोन हंगाम वाजव. पैसे जमले की स्वतंत्र मिक्सर, डीजेएम-४५० च्या वर्गातला, दोन चॅनेल, एक्सएलआर आणि साउंडकार्डवाला. यादीतल्या त्या दोन लाखवाल्याचं चित्र हवं तर भिंतीवर लाव.

खोक्यावर पायोनियर डीजेऐवजी अल्फाथीटा लिहिलेलं दिसलं तर घाबरू नकोस, कंपनीने २०२० मध्ये ते नाव घेतलंय.

जुना घ्यायचा झाला तर पुण्यात बघ, किंवा हैदराबादला कोटीच्या गुजराती गल्लीत, तुझी मामी तिकडे आहेच. स्वतःचे हेडफोन आणि लॅपटॉप घेऊन जा. प्रत्येक फेडर सावकाश वर-खाली कर, प्रत्येक चावी फिरव, मागची प्रत्येक पिन वायर लावून हलवून बघ, कानात खरखर आली की भाव पाड किंवा उठ तिथून. आणि दुकानदार कितीही ‘बहन’ म्हणू दे, पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.