जुना कस्टमर रुसतो तेव्हा: क्रूझ कंपन्यांच्या चुकीतून आपला हिशोब



रेट वाढवण्याच्या व्हिडिओत मी घाईघाईत एक वाक्य बोलून गेलो होतो, की "जुन्या कस्टमरचं काय करायचं ते नंतर बघू." आज ते बघू या. विषय थोडा लांबचा घेतलाय, अमेरिकेतल्या क्रूझ जहाजांचा. तुम्ही म्हणाल, सर, आमचा डब्यांचा धंदा, आमचं पार्लर, आम्हाला जहाज कशाला? पण हा प्रश्न तिथे इतक्या मोठ्या अक्षरात दिसतो की एकदा समजला की आपल्या गल्लीतही ओळखता येतो. आणि जहाज आपल्याला अगदीच परकं नाही. मुंबईहून २०२१ साली कॉर्डेलियाची जी 'एम्प्रेस' गोव्याकडे निघाली, ती मुळात रॉयल कॅरिबियन कंपनीची, १९९० साली बांधलेली बोट. आणि तिकडच्या जहाजांवर काम करणारी गोव्याची मुलं तर घराघरात आहेत.

आता मुद्दा. अमेरिकेत मायामी, पोर्ट कॅनाव्हेरल, गॅल्वेस्टन या बंदरांतून दर आठवड्याला मोठमोठ्या बोटी सुटतात. बहामा, मेक्सिकोचं कोझुमेल असं फिरवून परत आणतात. या धंद्यात एक पक्का वर्ग आहे, पुन्हा पुन्हा येणाऱ्यांचा. त्यात निवृत्त जोडपी बरीच. बंदरापासून गाडीने दोन-तीन तासांवर राहणारी. शेवटच्या क्षणी केबिन रिकामी राहिली की कंपनी रेट पाडायची, हे लोक बॅग उचलून निघायचे. वर्षातून दोनदा, तीनदा, वीस-वीस वर्षं.

त्यांच्यासाठी कंपन्यांनी पायऱ्या बांधल्या. कार्निव्हल कंपनीत एक दिवस प्रवास म्हणजे एक पॉइंट. ७५ पॉइंटला प्लॅटिनम, २०० ला डायमंड. २०० दिवस म्हणजे सात दिवसांच्या साधारण २९ सफरी! वर्षाला दोन केल्या तरी चौदा-पंधरा वर्षं. मिळायचं काय? बोटीवर आधी चढायला, कपडे फुकट धुऊन, अशा गोष्टी. आणि मिळालेला दर्जा संपत नव्हता. तो शब्द लक्षात ठेवा, त्यावर परत येणार आहे.

मग मार्च २०२० आला. बोटी थांबल्या. अमेरिकन बंदरांतून प्रवासी घेऊन पुन्हा सुटायला जून २०२१ उजाडला. सव्वा वर्ष शून्य धंदा आणि बोटी, कर्ज, देखभाल मात्र चालूच. त्या काळात रॉयल कॅरिबियनने रद्द झालेल्या सफरीसाठी ग्राहकांपुढे पर्याय ठेवला होता: रोख परत घ्या, किंवा पैसे आमच्याकडेच राहू द्या, पुढच्या सफरीसाठी १२५ टक्के जमा धरू. विचार करा, बंद पडलेल्या कंपनीकडे आपले पैसे राहू देणारा माणूस कोण असेल? पहिल्यांदा बुकिंग केलेला नवखा सहसा रोखच मागतो. ठेवतो तो ओळखीचा. ज्याला ठाऊक आहे की ही माणसं परत उभी राहतील.

आणि परत उभ्या राहिल्याच. २०२४ साली कार्निव्हल कॉर्पोरेशनची कमाई २५ अब्ज डॉलर झाली, त्यांच्या इतिहासातली सर्वात जास्त. बोटी भरून जाऊ लागल्या. (या धंद्यात केबिनमागे दोन माणसं म्हणजे १०० टक्के धरतात. तिसरं-चौथं पोर झोपलं की आकडा शंभरच्या वर जातो, म्हणून '१०५ टक्के भरली' असं ऐकलं तर दचकू नका.) बोट आधीच भरली की शेवटच्या क्षणीचा स्वस्त रेट कशाला? तो दुर्मीळ झाला. डोक्यावर कर्जाचा डोंगर होता, साडेतीन हजार कोटी डॉलरच्या वर गेलेला. त्यामुळे भाडं वाढलं, वरचे छोटे छोटे खर्च वाढले. वीस वर्षं येणारं जोडपं बंदराच्या बाहेरच थांबलं.

त्यावर जून २०२५ मध्ये कार्निव्हलने जाहीर केलं की २०२६ पासून दर्जा दिवसांवर नाही, खर्चावर मिळेल. डॉलरमागे तीन 'स्टार', डायमंडसाठी एक लाख स्टार, आणि ते दोन वर्षांच्या मुदतीत. म्हणजे दोन वर्षांत तेहतीस हजार डॉलर, आपल्याकडचे जवळपास तीस लाख रुपये. मुदत संपली की पुन्हा पहिल्यापासून कमवा. आधी डायमंड झालेल्यांना काही वर्षांची सवलत त्यांनी दिली होती, तरीही जुने प्रवासी भडकले. आम्ही वर्षं दिली, तुम्ही पाकीट मोजताय, असा त्या रागाचा अर्थ.

कंपनीची बाजूही ऐका

इथे कंपनीला शिव्या घालणं सोपं आहे, पण तो आपला अभ्यास नाही. त्यांचं म्हणणं होतं की वरच्या पायरीवर फार माणसं झाली. ते खरंच आहे. आयुष्यभर टिकणारा दर्जा वाटत गेलात की दरवर्षी माणसं वाढतात, कमी कुणी होत नाही. 'आधी चढा'वाली रांग नेहमीच्या रांगेइतकी लांब झाली, तर आधी चढणं म्हणजे काय राहिलं? रॉयल कॅरिबियनच्या डायमंड प्रवाशांसाठी संध्याकाळी वेगळी बैठकीची जागा असते. तिथे इतकी गर्दी व्हायला लागली की फुकट ड्रिंक्स थेट प्रवाशाच्या कार्डावर द्यायची पद्धत आणावी लागली. आता रोज चार ड्रिंक्स, बोटीवर कुठेही घ्या.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. जुना प्रवासी बोटीवर कमी खर्च करतो. फोटो विकत घेत नाही, कारण घरी अल्बम भरलेत. कोझुमेलला दहाव्यांदा उतरताना टूर घेत नाही, स्वतःच चालत जातो. ड्रिंक फुकटातलं. नवखं कुटुंब मात्र सगळंच घेतं. म्हणजे एका सफरीचं बिल समोर ठेवलं तर नवखा सोन्याचा आणि जुना पितळेचा दिसतो.

पण हे बिल एका सफरीचं आहे. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झालेल्या, वर चक्रीवादळांचे दिवस, तेव्हा बोट कोण भरतं? २०२० मध्ये पैसे कुणी राहू दिले? शेजाऱ्याला 'चला एकदा' म्हणून कोण घेऊन आलं? त्या बिलात हे कुठल्याच ओळीत येत नाही.

आता आपल्या डब्यावर या

आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी मला हाच प्रश्न विचारला होता. डबे देतात. जुने वीस-बावीस जण जुन्या रेटवर अडकलेले, नवीन जास्त द्यायला तयार. "सर, जुन्यांना सोडून देऊ का? तोंडावर बोलता येत नाही, पण परवडत नाही." त्यांचे खरे आकडे मी इथे देत नाही. सोपे धरू.

समजा जुना ८० रुपयांत डबा घेतो, नवा ११० मध्ये. माल, गॅस, डिलिव्हरी धरून तुमचा खर्च ६०. जुना महिन्याला २६ डबे, बाराही महिने, म्हणजे वर्षाला ३१२. डब्यामागे २० सुटतात, ६,२४० रुपये झाले. नवा महिन्याला २२ घेतो आणि समजा तीन महिन्यांत खोली बदलतो. म्हणजे तीच जागा वर्षभर भरायला चार नवे लागले. एकूण २६४ डबे, प्रत्येकी ५० सुटले, १३,२००. पण प्रत्येक नवा मिळवायला पॅम्प्लेट, दोन दिवस फुकट डबा असे ५०० गेले, चौघांचे २,०००. हातात ११,२००.

पाहिलंत? मी लपवत नाही, नवाच जास्त देतो. 'जुना कस्टमर म्हणजे देव' असं भाषणात म्हणायला बरं वाटतं, पण ८० रुपयांवर तो तुमची अर्धी कमाई खातोय. म्हणून त्याचा रेट वाढलाच पाहिजे. किती? ९५ करा. डब्यामागे ३५, गुणिले ३१२, झाले १०,९२०. जवळजवळ नव्याच्या बरोबरीला आलात आणि तरीही त्याला नव्यापेक्षा १५ रुपये कमीच लावताय! शिवाय दोन नव्यांच्या मध्ये जागा रिकामी राहते ते दिवस मी धरलेच नाहीत. जुना एक तारखेला ॲडव्हान्स देतो, तेही नाही.

म्हणजे हा प्रश्न बहुतेक वेळा 'ठेवू की सोडू' असा नसतोच. १५ रुपयांच्या संकोचाचा असतो. आपण तीन-चार वर्षं रेट वाढवत नाही, कारण ओळख आहे, बोलवत नाही. मग एके दिवशी गॅस महागतो आणि एकदम ३० रुपये वाढवून व्हॉट्सॲपवर मेसेज टाकतो, 'दरवाढीबद्दल क्षमस्व'. राग ३० रुपयांचा असतोच, पण त्याहून जास्त 'मला पण फॉरवर्ड केलेला मेसेजच?' याचा असतो.

ताईंनी काय केलं, तर महिनाभर आधी प्रत्येकाला स्वतः फोन केला. नवीन रेट काय आहे, तुम्हाला काय लागेल आणि कुठल्या तारखेपासून, हे तिन्ही एका दमात सांगितलं. दोघे गेले. बाकीचे राहिले. एक आजोबा तर म्हणाले, "मी वाटच बघत होतो तू कधी वाढवतेस." त्यांची रोजची ताकाची बाटली मात्र ताईंनी बंद केली नाही. मी विचारलं का, तर म्हणाल्या, "ती बंद केली तर त्यांना डबा बदलल्यासारखा वाटेल."

हे मला क्रूझवाल्यांपेक्षा जास्त समजलेलं वाटलं. जहाजावर जुना प्रवासी कशासाठी येतो? केबिन साफ करणारा मुलगा त्याला नावाने हाक मारतो, बारवाल्याला आठवतं की यांना बर्फ कमी लागतो. यातली बरीच मुलं गोव्याची, आपल्याच भागातली, आणि नावं लक्षात ठेवण्यात पक्की! ही गोष्ट कंपनीला जवळजवळ फुकट पडते. तिची किंमत वाढवावी लागत नाही, गर्दीने ती बिघडतही नाही. उलट फुकटच्या वस्तूंची आश्वासनं दरवर्षी महाग होत जातात.

म्हणून 'आजीवन' हा शब्द. जिम, क्लास, लायब्ररी, मसाज सेंटर, सगळीकडे बोर्ड दिसतो 'लाइफटाइम मेंबरशिप'. आज पैसे एकदम हातात येतात म्हणून आपण तो लावतो. कोणाचं लाइफटाइम? तुमच्या दुकानाचं भाडं तर अकरा महिन्यांच्या कराराचं आहे! जे देणार ते तारखेसकट द्या: 'मार्च अखेरपर्यंत', 'पहिल्या ५० जणांना दोन वर्षं'. मुदत आधी सांगितली की ती संपल्यावर कुणी फसवलं म्हणत नाही. मुदत न सांगता दिलेली गोष्ट परत घेतली, की आपण दिलेलं विसरलं जातं आणि घेतलेलंच लक्षात राहतं.

आणि देऊन बसला असाल, चुकलात, तर? माघार घेता येते. अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइन्सने सप्टेंबर २०२३ मध्ये असाच बदल जाहीर केला, दर्जा फक्त खर्चावर आणि विमानतळावरच्या लाउंजमध्ये जाण्यावर मर्यादा. नेहमीचे प्रवासी इतके चिडले की कंपनीचे प्रमुख एड बॅस्टियन यांनी आपण फार पुढे गेलो हे उघडपणे मान्य केलं आणि ऑक्टोबरमध्ये बऱ्याच अटी सैल केल्या. मुख्य नियम खर्चाचाच ठेवला, पण जुन्यांना वाट करून दिली. एवढी मोठी कंपनी महिनाभरात बोलून दाखवू शकते, तर आपल्याला वीस जणांना फोन करायला काय हरकत आहे?

या आठवड्याचं काम. बिलबुक काढा. सर्वात जुने वीस कस्टमर लिहा. प्रत्येकासमोर चार रकाने: वर्षाला किती मार्जिन दिलं (बिल नको, मार्जिन), कोणाला घेऊन आला, मंदीच्या महिन्यात आला का, आणि त्याचा रेट शेवटचा कधी वाढवला. चौथ्या रकान्यात बहुतेकांपुढे तारीख आठवणार नाही. तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह टाका. ज्यांच्यापुढे पहिले तीन रकाने भरलेले आहेत आणि चौथ्यात प्रश्नचिन्ह आहे, त्यांना फोन कसा करायचा, पहिलं वाक्य काय बोलायचं, हे रविवारच्या लाइव्हमध्ये दोघा-तिघांना समोर घेऊन करून बघू. वही सोबत ठेवा.