रुई आणि तिचे फुलपाखरू

जयपूरच्या दक्षिणेस असलेले आणि आता त्या शहरातच सामावलेले सांगानेर हातकागदासाठी व ठशांच्या छपाईसाठी प्रसिद्ध आहे. या भागातील रेताड, पडीक जमिनीवर रुईची झुडपे उगवतात. तिकडे त्यांना आक म्हणतात. रुईच्या पांढऱ्या चिकात हृदयाची क्रिया बिघडविणारी विषे असल्यामुळे शेळीसुद्धा तिच्या हिरव्या पानांना सहसा तोंड लावीत नाही. एका फुलपाखराचे बालपण मात्र रुईवर आणि तिच्या कुळातील वनस्पतींवरच जाते. लिनीयसने 1758 साली वर्णन केलेले हे फुलपाखरू म्हणजे डॅनाउस क्रिसिपस होय.

मादी पानाच्या खालच्या बाजूस एकेक अंडे घालते. सुरवंटाच्या अंगावर काळी, पांढरी व पिवळी वलये असून मऊ शिंगांसारख्या काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असतात. मोठा सुरवंट पानाची शीर किंवा देठ आधी कुरतडतो. त्यामुळे पानातील चिकाचा ओघ कमी होतो आणि मग तो निर्वेधपणे खाऊ लागतो. चार वेळा कात टाकल्यावर तो कोश करतो. पुढे त्यातून नारिंगी पंखांचे फुलपाखरू बाहेर पडते. मागच्या पंखावर मध्यभागी तीन काळे ठिपके असल्यास ती मादी आणि चार असल्यास तो नर, हे विद्यार्थ्यांना सहज ओळखता येईल.

रुईतील विषाचा अंश फुलपाखराच्या शरीरातही उतरतो. त्याचे प्रमाण सर्वांत सारखे नसते. तरी एकदा वाईट अनुभव आलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेस जात नाही. हायपोलिम्नास मिसिपस या दुसऱ्या जातीच्या मादीने तर हुबेहूब हाच वेष घेतला आहे. तिचा सुरवंट घोळीच्या भाजीवर वाढतो आणि ती स्वतः निर्विष असते!

उत्तर युरोपातील थंड, ओल्या वनांत व दलदलींत राहणारे कोलियास पालेनो हे फुलपाखरूही असेच एका झुडपाशी बांधलेले आहे. हे झुडूप कुजक्या शेवाळाच्या थरांवर वाढते. मध्य युरोपात कित्येक दलदली कोरड्या करण्यात आल्या. तेथून झुडूप गेले आणि फुलपाखरूही गेले. रुईचे तसे नाही. उकरलेली माती, रस्त्याची कड, पडके आवार अशा माणसाने बिघडविलेल्या जागीही ती तग धरते. मात्र मोकळे आवार फरसबंदीने झाकले गेले, तर तेथे रुईलाही मूळ धरता येत नाही, आणि अंडी घालू पाहणाऱ्या मादीस दुसरीकडे जावे लागते.