स्वतःविषयीचा निर्णय कोणाचा?

माणूस इतरांविषयी जशी मते बनवतो, तशीच स्वतःविषयीही बनवतो. 'मी ढ आहे', 'मी कोणाच्याच कामाचा नाही', 'माझ्यासारख्या पाप्याला कोठली क्षमा?' अशी वाक्ये कित्येकांच्या अंतःकरणात वर्षानुवर्षे घर करून असतात. ती मोठ्याने उच्चारली जात नाहीत; परंतु परीक्षेचा अर्ज भरताना, विवाहाचा विषय निघताना, किंबहुना नमाजसाठी उभे राहतानाही तीच मनात घुमतात. अमेरिकन मनोचिकित्सक एरन बेक (१९२१–२०२१) यांनी अशा खोल रुजलेल्या समजुतींचा विचार मांडला. अशी समजूत दृढ झाली की माणूस तिला दुजोरा देणाऱ्या घटनाच ध्यानात ठेवतो आणि तिच्याविरुद्धचे पुरावे नजरेआड करतो. ईमानधारकाने येथे एक मूलभूत प्रश्न विचारला पाहिजे : माझ्याविषयीचा हा निर्णय दिला कोणी आणि तो देण्याचा अधिकार कोणाचा?

हजरत मूसा (अ.) यांची प्रार्थना

फिरऔनकडे जाण्याची आज्ञा झाली तेव्हा हजरत मूसा (अ.) यांनी आपल्या उणिवा लपवल्या नाहीत. छाती दाटून येते, जीभ मोकळेपणाने चालत नाही आणि त्या लोकांचा माझ्यावर एक आरोपही आहे, असे त्यांनी आपल्या पालनकर्त्यापुढे मांडले (सूरह शुअरा : १२–१४). 'म्हणून मी या कार्यास अपात्र आहे' असा निष्कर्ष मात्र त्यांनी काढला नाही. त्यांनी जिभेची गाठ सुटावी म्हणून दुआ केली आणि बंधू हारून (अ.) यांना साहाय्यक म्हणून मागितले. ती विनंती मान्य झाली (सूरह ताहा : २५–३६). पुढे फिरऔनने त्यांच्या बोलण्यावरून त्यांना हिणवले (सूरह जुखरुफ : ५२). एकाच व्यक्तीविषयी दोन मते होती. फिरऔनला ती तुच्छ वाटली, तर अल्लाहने तिला प्रेषितत्वासाठी निवडले. यांपैकी कोणाचे मत टिकले, हे सर्वांना ठाऊक आहे.

बाजारातील एक प्रसंग

माननीय अनस (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस 'शमाइले तिर्मिजी'मध्ये आहे. जाहिर (रजि.) नावाचे एक ग्रामीण सहाबी होते. ते दिसायला साधे होते, पण प्रेषित मुहम्मद (स.) यांचे त्यांच्यावर फार प्रेम होते. एकदा ते बाजारात आपला माल विकत असता प्रेषितांनी (स.) मागून येऊन त्यांना मिठी मारली आणि विनोदाने, या दासाला कोण विकत घेतो, अशी हाक दिली. त्यावर जाहिर (रजि.) म्हणाले की, मग तर मी न खपणारा माल ठरेन. हसण्यावारी नेलेल्या या बोलण्यामागे स्वतःविषयीची समजूत होती. प्रेषितांनी (स.) ती तशीच सोडली नाही. अल्लाहपाशी तू बिनमोलाचा नाहीस, तेथे तुझी किंमत मोठी आहे, असे त्यांनी सांगितले. प्रेषितांनी (स.) त्यांच्या रूपाची खोटी स्तुती केली नाही, मोल ठरवणारी बाजारपेठच बदलून टाकली.

कृत्य वाईट, की मी वाईट?

पापाची जाणीव आणि स्वतःचा धिक्कार या भिन्न गोष्टी आहेत. हातून एक माणूस मारला गेला तेव्हा हजरत मूसा (अ.) यांनी आपण स्वतःवर अन्याय केल्याची कबुली देऊन क्षमा मागितली आणि ती लाभली (सूरह कसस : १६). मद्यपानाबद्दल वारंवार शिक्षा झालेल्या एका माणसाला कोणी शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला रोखले; कारण तो माणूस अल्लाह व प्रेषितावर प्रेम करणारा होता (बुखारी). शिक्षा माफ झाली नाही, पण त्या माणसाला टाकाऊही ठरवले गेले नाही. तौबाचा मार्ग याच भेदावर उभा आहे. 'मी मुळातच वाईट' असे मानणारा सुधारणेचा प्रयत्न तरी कशासाठी करील?

समजूत कशी बदलावी?

प्रथम शब्द सुधारावेत. आपले अंतःकरण नासले आहे, अशा अर्थाचा कठोर शब्द स्वतःसाठी वापरण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आणि त्याऐवजी मनाच्या अस्वस्थतेचा सौम्य शब्द सुचवला (बुखारी, मुस्लिम). त्यानुसार 'मी नालायक आहे' याऐवजी 'या कामात मी कमी पडलो' असे म्हणावे.

दुसरे, ते वाक्य कागदावर लिहून त्याचा उगम शोधावा. बहुधा ते एखाद्या शिक्षकाचे, नातेवाइकाचे वा शेजाऱ्याचे निघते. त्याच्याविरुद्धचे पुरावेही प्रामाणिकपणे लिहावेत.

तिसरे, त्याच्या जागी आत्मप्रौढी आणू नये. स्वतःच्या पावित्र्याचा डंका पिटण्यास कुरआनची मनाई आहे (सूरह नज्म : ३२). 'मी सर्वांहून श्रेष्ठ' हेही तितकेच असत्य आहे. 'मी अल्लाहचा दास आहे. त्याने आदमच्या संततीला प्रतिष्ठा दिली आहे (सूरह बनी इस्राईल : ७०) आणि त्याच्या कृपेचे दार माझ्यासाठीही उघडे आहे' हे सत्य आहे.

चौथे, लहानसे सत्कर्म नित्य करावे. थोडे असले तरी सातत्याचे कर्म अल्लाहला अधिक प्रिय आहे (बुखारी, मुस्लिम). रोजचे असे कर्म जुन्या समजुतीविरुद्ध साक्ष देत राहते.

तरीही उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात ईमानाची उणीव नाही. अल्लाहने रोगाबरोबर उपायही उतरवला आहे, ही प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे.

घराची जबाबदारी

अशा समजुतींचे बी बहुधा घरातच पडते. 'काळी', 'मठ्ठ', 'मनहूस' ही नावे आपण थट्टेत देतो आणि मूल ती खरी मानते. कुरआनने वाईट टोपणनावांना स्पष्ट मनाई केली आहे (सूरह हुजुरात : ११). हजरत उमर (रजि.) यांच्या एका कन्येचे 'आसिया', म्हणजे अवज्ञा करणारी, हे नाव बदलून प्रेषितांनी (स.) 'जमीला', म्हणजे सुंदर, असे ठेवले (मुस्लिम). आपल्या घरात कोणते नाव बदलायचे राहिले आहे, याचा प्रत्येक मातापित्याने आजच विचार करावा.

अल्लाह आपणास स्वतःकडे आणि आपल्या मुलांकडे त्याने शिकवलेल्या दृष्टीने पाहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.